मेणकापड ते ताडपत्री: पाणी अडवणाऱ्या कापडात आपला धंदा कुठे?

पाऊस जवळ आला की पालघर-बोईसरकडून एक प्रश्न हमखास येतो, "सर, ताडपत्रीचा धंदा सुरू करू का?" करा ना. पण आधी हे कापड पाणी अडवतं कसं ते समजून घ्या, कारण गिऱ्हाईक नेमकं तेच विचारणार.

मेणकापड आठवतं? बाळाच्या दुपट्याखाली घालायचे ते. नावात मेण असलं तरी या जातीच्या जुन्या कापडावर थर असायचा तो मुख्यतः जवसाच्या तेलाचा. सुती किंवा लिनन कापडावर उकळलेलं तेल थरावर थर चढवायचे. (गंमत बघा, लिननचा धागासुद्धा जवसाच्याच झाडाचा.) हे तेल उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याची लवचिक कातडी बनते आणि ती पाणी अडवते. खोबरेल किंवा शेंगदाणा तेल लावलंत तर कापड नुसतं तेलकट राहील. युरोपातल्या खलाशांचे पिवळट पावसाळी कोट याच जवसाच्या तेलाचे.

मग हे मागे का पडलं? उन्हात चिकट व्हायचं, घडीवर भेगा पडायच्या. आणि तिसरी गोष्ट नीट वाचा. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. कुणी घरी प्रयोग करणार असाल तर फडकी मोकळ्या जागी पसरून वाळवा.

पुढे रबर आलं. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देण्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे १९२० मध्ये सुरेंद्र मोहन बोस यांनी कोलकात्यात बेंगॉल वॉटरप्रूफ सुरू केली, तीच डकबॅकवाली. त्यानंतर प्लॅस्टिकने बाजार घेतला. आज ताडपत्री म्हणून जी मिळते ती बहुतेक विणलेल्या प्लॅस्टिक पट्ट्यांवर प्लॅस्टिकचाच थर दिलेली असते.

आता आपल्या भागाकडे या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे सातपाटीच्या बोटी किनाऱ्यावर झाकलेल्या. ऑक्टोबरात कापलेल्या भातावर परतीचा पाऊस. वीटभट्टीवर अवकाळी आला की कच्च्या विटांचा चिखल. तारापूर एमआयडीसीत ट्रकची ये-जा बारा महिने. गरज मात्र प्रत्येकाची वेगळी. भातवाल्याला हलकी, एकट्याने उचलता येणारी हवी. ट्रकवाल्याची दोर घासून फाटते, त्याला जाड हवी. बोटीला खारी हवा लागते, तिथे लोखंडी आयलेट गंजतात, पितळी लावा.

कापडावर थर द्यायचा कारखाना काढण्याच्या फंदात सुरुवातीला पडू नका, हे माझं स्पष्ट मत. मशिनरी मोठी, वर प्रदूषण मंडळाची संमती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत तारापूर सर्वांत वर होतं, त्यामुळे इथे तपासणी कडकच असणार हे धरून चला. त्यापेक्षा तयार रोल आणा, मापात कापा, कडा दुमडून दोर घाला, आयलेट ठोका, फाटलेल्या दुरुस्त करून द्या. मापाचं काम आणि दुरुस्ती ऑनलाइनवाला करून देत नाही.

माल घेताना जीएसएम विचारा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. आणि सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका, काटा वापरा. १२ बाय १८ फूट म्हणजे साधारण २० चौरस मीटर. २०० जीएसएमची असेल तर वजन ४ किलोच्या आसपास भरायला हवं. अडीच किलोच भरलं तर ती साधारण १२५ ची आहे, लेबलवर काहीही छापलेलं असो. कडा दुमडल्यावर माप कमी होतं, म्हणून गिऱ्हाइकाला तयार माप सांगा आणि बिलावर जीएसएमसकट लिहून द्या.

पुढच्या व्हिडिओत आयलेट मशीन आणि रोलच्या खरेदीचा हिशोब बघू. तोवर तुमच्या गावात ताडपत्री कोण आणि कशासाठी घेतं, ते कॉमेंटमध्ये लिहा.