रुग्ण, वैद्य आणि न्यायासन : पोटात राहिलेल्या कापडाचा हिशेब

जेकब मॅथ्यूच्या खटल्याकडे, म्हणजे वैद्याची हयगय केव्हा दिवाणी दाव्यापुरती राहते आणि केव्हा फौजदारी गुन्ह्याच्या पदवीस पोहोचते या प्रश्नाकडे, आज वळावयाचे ठरले होते. परंतु साताऱ्याच्या एका वाचक भगिनींच्या पत्रामुळे तो बेत लांबणीवर टाकणे भाग आहे. त्यांच्या नात्यातील एका बाईंच्या पोटातून, शस्त्रक्रियेला कित्येक वर्षे लोटल्यावर, गॉजचा बोळा निघाला आणि आता दाव्याची मुदत टळली असे वकील सांगतात, तर हे खरे काय, असा त्यांचा सवाल आहे. सवाल चार ओळींचाच आहे. पण तो माझ्या फार दिवसांच्या आवडत्या विषयाच्या वाटेवरचा असल्यामुळे उत्तराला थोडा उशीर होईल.

औरंगाबादच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न अशा सरकारी प्रसूतिगृहात १९६३ च्या जुलै महिन्यात एक बाई बाळंत झाल्या. लगोलग त्यांची संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. आणि मग ताप व पोटदुखी हटेना म्हणून १९ जुलै रोजी पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत राहिलेला मॉप, म्हणजे रक्त टिपण्याचा टॉवेल, हाती लागला. २४ जुलै रोजी बाई दगावल्या. यजमानांनी दावा लावला, खालच्या कोर्टाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला, आणि उच्च न्यायालयाने तो फिरवला; कारण अमुक एका डॉक्टराची हयगय सिद्ध झालेली नाही आणि सरकारी इस्पितळातील अशा कृत्याची जबाबदारी सरकारवर येत नाही, असे त्या न्यायालयास वाटले. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र सरकार या नावाने ओळखले जाणारे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात १९९६ साली निकाली निघाले, आणि मूळचा हुकूमनामा कायम झाला. मॉप आपल्या पायांनी पोटात जात नाही. तो कोणाच्या हातून राहिला हे शोधण्याचा भार मृताच्या आप्तांवर नाही. इस्पितळ चालविणे हे काही राजसत्तेचे सार्वभौम कृत्य नव्हे, आणि नोकरांच्या हयगयीस धनी या नात्याने सरकार जबाबदार आहे, असा त्या निकालाचा मथितार्थ. दुसऱ्या शस्त्रक्रियेमुळेच पोटात जंतुसंसर्ग पसरला असेल, या बचावालाही न्यायमूर्तींनी थारा दिला नाही. कारण मॉप राहिला नसता तर दुसरी शस्त्रक्रिया करण्याचे प्रयोजनच नव्हते. ३६,००० रुपयांच्या न्यायाला ३३ वर्षे लागली.

आणि या सगळ्यावरचा उपाय काय, तर मोजणी. शस्त्रक्रियेस आरंभ होण्यापूर्वी परिचारिका गठ्ठा सोडून मॉप एकेक वेगळा करून मोठ्याने मोजते, दुसरी ऐकते आणि फळ्यावर आकडा मांडते. पोटात खोल सरकवलेल्या मॉपची नाडी बाहेर ठेवून तिला चिमटा लावतात. आणि पोट शिवण्यापूर्वी एकदा व त्वचा शिवताना पुन्हा एकदा हिशेब जुळवतात. कापडात क्ष-किरणांत दिसणारा धागा विणलेला असतो, तो हिशेब न जुळल्यास छायाचित्र काढता यावे म्हणून. या सोप्या कवाइतीविषयी बोस्टनच्या अतुल गवांदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो मला या क्षेत्रातील अत्यंत उद्बोधक लेखांपैकी एक वाटतो. ५४ रुग्णांच्या शरीरांत राहिलेल्या ६१ वस्तू त्यांनी तपासल्या. सुमारे दोनतृतीयांश वस्तू कापडाच्याच होत्या. आणि जेथे मोजणी झाली होती त्यांतील ८८ टक्के प्रकरणांत आकडा ‘बरोबर’ असल्याची नोंद होती! घाईने कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियेत धोका सुमारे नऊ पटींनी आणि बेत ऐन वेळी बदलल्यास सुमारे चार पटींनी वाढतो, असेही त्यांना आढळले. दोष दुष्टाव्याचा क्वचितच. तो बहुधा धावपळीचा.

परंतु मला याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, ही सामग्री आली कोठून? ती आली मॅसॅच्युसेट्समधील वैद्यांचा विमा उतरविणाऱ्या संस्थेच्या दप्तरातून, म्हणजे रुग्णांनी लावलेल्या दाव्यांच्या कागदांतून. वादीप्रतिवादींनी एकमेकांवर उगारलेले कागद तेथे निवाड्यानंतर संशोधकाच्या मेजावर गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी १९ कलमांची तपासयादी काढली, तिच्या घडणीत गवांदे अग्रभागी होते, आणि अखेरच्या टप्प्यात उपकरणे, कापड व सुया यांची मोजणी तीत घातलेली आहे. आठ शहरांत तिची परीक्षा झाली, त्यांत दिल्लीही होती, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. आमच्याकडे निकाल लागला की बस्ता बांधून दप्तरखान्यात जातो. वकिलाला त्यातून नजीर मिळते, पण शल्यागारातील परिचारिकेच्या कानावर त्यातले काहीच येत नाही. दाव्यांची भीती घालून वैद्यक सुधारेल असे मानणाऱ्यांशी माझा वाद आहे तो एवढ्याचसाठी.

आता मुदतीचा प्रश्न. ग्राहक आयोगाकडे तक्रार नेण्यास दोन वर्षांची मुदत आहे, ती दाव्याचे कारण उद्भवल्यापासून. आणि खरी गोम या ‘उद्भवण्या’तच आहे. गोव्यातील सरकारी रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका बाईंची १९९३ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, वेदना वर्षानुवर्षे राहिल्या, २००२ साली गॉज निघाला, आणि २००४ साली त्यांनी तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले की, हानी तत्काळ उघड असेल तर मुदत कृत्याच्या दिवसापासून धावते, आणि ती दडलेली असेल तर ती कळल्यापासून, किंवा वाजवी दक्षतेने कळू शकली असती तेव्हापासून. तत्त्व निर्दोष आहे. मात्र बाई स्वतः अनुभवी परिचारिका, वेदना सुरुवातीपासूनच्या, आणि नऊ वर्षांत त्यांनी त्या शल्यविशारदांना विचारले नाही, म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरली. मला हा निर्णय कठोर वाटतो. पोट दुखते म्हणून आत कापड असेल असा तर्क कोणती परिचारिका करील?

तेव्हा सातारच्या भगिनींना उत्तर असे की, वकिलांचे म्हणणे अंतिम मानू नये. बाई वैद्यकीय व्यवसायातील नाहीत, आणि मधल्या काळात त्यांना विशेष त्रास नसेल किंवा त्रासाचे वेगळेच निदान झाले असेल, तर हानी कळली त्या दिवसापासून दोन वर्षे मोजावीत असे आयोगापुढे मांडता येते. त्यातूनही उशीर झालाच असेल, तर सबळ कारण दाखवून माफीचा अर्ज करता येतो. पण पुरावा हाती हवा, आणि अडचण तेथेच आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद तीनच वर्षे सांभाळण्याचे बंधन आहे. कापड मात्र पोटात नऊ वर्षे राहू शकते. त्याच नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत कागद द्यावे लागतात. म्हणून ज्या इस्पितळात बोळा काढला गेला तेथील शस्त्रक्रियेची टिपणी, छायाचित्रे आणि विकृतिशास्त्राचा अहवाल यांच्या नकला या आठवड्यातच लेखी अर्जाने मागाव्यात आणि अर्जाची पोच घ्यावी. जेकब मॅथ्यू पुढील लेखांकात.