मोफत सॉफ्टवेअरची चाचणी: सुरुवात कशी करावी?

बिले, दरपत्रके व हिशेबासाठी चालणारे लिब्रेऑफिस हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. २०१० पासून काही कंपन्यांचे प्रोग्रॅमर व जगभरचे स्वयंसेवक मिळून ते घडवीत आहेत. वर्षातून दोनदा, फेब्रुवारी व ऑगस्टच्या सुमारास, नवी आवृत्ती येते. तत्पूर्वी तिची चाचणी-आवृत्ती सर्वांना खुली असते.

ती तपासायला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. मराठी बिलात उर्दू नाव लिहिल्यावर शेजारचा आकडा जागेवर राहतो की सरकतो, हे दोन्ही लिप्या वाचणाऱ्यालाच कळणार. आपले बांधव गप्प राहिले तर असले दोष तसेच पडून राहतील, असे आम्हांस वाटते.

अल्फा व बीटा आवृत्ती जुनीच्या शेजारी वेगळी बसते. शेवटची ‘रिलीज कँडिडेट’ मात्र जुनीची जागा घेते. ती दुकानाच्या संगणकावर घालू नये. दोष आढळल्यास बगझिला या ऑनलाइन नोंदवहीत आधी शोधावा. नसल्यास सोप्या इंग्रजीत लिहावे: आवृत्ती कोणती, काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले. नुसते ‘चालत नाही’ लिहून कोणाला काय कळणार? नवख्याने इतरांच्या तक्रारी आपल्या संगणकावर पडताळून पाहिल्या तरी मोठे काम होते.

एक गोष्ट मात्र आम्ही बजावून सांगतो. तक्रारीस जोडलेली फाईल सर्वांना दिसते. ग्राहकांची नावे व उधारी ही आपल्याकडची अमानत आहे. दोष दाखवायला काल्पनिक नावांची चार ओळींची वेगळी फाईल बनवावी व तीच जोडावी.