सात नंबरचा रकाना

मी लोकांचे टॅक्स भरून देते. फेब्रुवारी लागला की माझ्या टेबलावर निवृत्ती खात्यातून काढलेल्या पैशांचे १०९९-आर फॉर्म येऊ लागतात. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास आपली माणसं पुष्कळ. सत्तरच्या दशकात इथे आलेले इंजिनियर, डॉक्टर आता एकेक करून जाताहेत आणि त्यांची आयआरए, म्हणजे निवृत्तीची बचत खाती मुलांच्या नावावर होताहेत. फॉर्म हातात आला की मी रक्कम नंतर बघते, आधी सात नंबरचा रकाना. तिथे ४ छापलेला असला की पैसे खातेदाराच्या मृत्यूमुळे आले, हे कळतं. या चारामुळे वयाच्या साडेएकोणसाठच्या आत पैसे घेतल्याचा १० टक्के दंड लागत नाही. लोक समजतात, करच लागत नाही.

यंदा समोर बसलेल्या बाईंचंही तेच. वडील २०२१मध्ये ७८व्या वर्षी गेले. "ताई, बाबांचे पैसे मला मिळाले, त्यावर कसला टॅक्स?"

त्यांच्या डोक्यात घर होतं. वडिलांचं घर वारसाकडे आलं की मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव हीच त्याची मूळ किंमत धरतात. तोवरचा नफा करातून सुटतो. नेहमीच्या आयआरएला ही सवलत नाही. बाबांनी पैसे भरले तेव्हा कर वाचला, पण तो माफ झाला नव्हता, नुसता पुढे ढकलला होता. आता मुलगी जेवढं काढेल तेवढं तिच्या पगारात मिळवायचं. आधीच कर भरलेल्या पैशांचं रॉथ खातं असतं तर हे संभाषणच बहुधा झालं नसतं.

पूर्वी मुलांना आपल्या आयुर्मानाच्या हिशेबाने थोडंथोडं काढत राहता यायचं. डिसेंबर २०१९च्या सिक्युअर कायद्याने ते संपवलं. पुढच्या वर्षापासूनच्या मृत्यूंसाठी बहुतेक सज्ञान मुलांना दहा वर्षांत खातं रिकामं करावं लागतं. नवरा-बायकोला सूट आहे. पण त्या दहा वर्षांत दरवर्षी काढायचं की शेवटी एकदम, हे नक्की सांगायला करखात्याला, आयआरएसला, जुलै २०२४ उजाडला! तोवर दंड माफ होता. वडिलांचं स्वतःचं, वयामुळे दरवर्षी सक्तीने काढणं सुरू झालेलं असेल, तर वारसाला २०२५पासून दरवर्षी काढावंच लागतं. चुकलं तर न काढलेल्या रकमेवर २५ टक्के दंड.

मी पेन्सिल घेतली. बाई २०२२मध्ये ५३ वर्षांच्या. आयआरएसच्या आयुर्मानाच्या तक्त्यात त्रेपन्नसमोर ३३.४. दरवर्षी एक वजा करायचा, म्हणजे २०२५साठी ३०.४. आदल्या ३१ डिसेंबरची शिल्लक ३,०४,००० डॉलर. भागाकार दहा हजार. त्यांनी नेमके तेवढेच काढले होते.

"म्हणजे जमलं की!"

नियमापुरतं जमलं. पण दरवर्षी किमान तेवढंच काढलं तर २०३१ साली जवळजवळ अख्खं खातं एका वर्षाच्या उत्पन्नात येऊन पडेल. २०२८मध्ये निवृत्त व्हायचा त्यांचा विचार होता. मी म्हटलं, पगार थांबेल त्या वर्षांत मोठे घास घ्या. तोवरही दहा हजारांवर अडून राहू नका. किमान आकडा दंड टाळण्यासाठी असतो, त्याला सल्ला समजू नये.

मग त्या हळूच म्हणाल्या, "दादाने तर सगळे लगेच काढले."

त्याच्या वाट्याचे सुमारे २,८०,०००. खातं दुसऱ्या कंपनीत हलवायचं म्हणून त्याने चेक घरी मागवला, आणि साठ दिवसांत नव्या खात्यात भरू असं ठरवलं. साठ दिवसांची ती सोय स्वतःच्या खात्याला आहे, नवऱ्या-बायकोकडून आलेल्यालाही आहे. आई-वडिलांकडून आलेल्याला नाही. सगळी रक्कम त्याच वर्षीच्या उत्पन्नात धरली गेली आणि एरवी २२ टक्क्यांच्या टप्प्यात बसणारा माणूस त्या वर्षी ३२वर गेला. चेक परत घेता येत नाही, असं उत्तर त्याला मिळालं.

तेव्हा वारसाने मिळालेलं खातं हलवायचं असेल तर ते एका कंपनीकडून थेट दुसरीकडे जाऊ द्या, खात्यावर दिवंगताचं नावही राहू द्या. चेक मात्र घरी मागवू नका.