खेळातली गोळी, डबीतली गोळी

व्हिडिओ गेम म्हटला, की पालकांच्या कपाळावर आठी उमटतेच. तरीही गेली वीसेक वर्षे काही संस्था याच माध्यमाकडून समाजोपयोगी काम करवून घेण्याच्या खटपटीत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने २००५ मध्ये ‘फूड फोर्स’ हा खेळ काढून मुलांना दुष्काळग्रस्तांच्या मदतकार्याची ओळख करून दिली. अशा खेळांनी माहिती मिळते, हे खरे. पण वागणूक बदलते का? ‘री-मिशन’ या खेळाबाबत हा प्रश्न नीट तपासला गेला.

रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांचा मोठा भाग घरीच पार पडतो. रोगाचा मागमूस दिसेनासा झाल्यावरही दीर्घकाळ रोज केमोथेरपीच्या गोळ्या घ्याव्या लागतात. लहान मुलाला आई गोळी देते. सोळा वर्षांच्या मुलाचे काय? त्याला बरे वाटत असते, गोळीने मळमळते आणि आजाराची रोजची आठवण नकोशी होते. मग गोळी चुकते. असे वारंवार घडले, की रोग उलटण्याचा धोका वाढतो.

अमेरिकेतील ‘होपलॅब’ या संस्थेने २००६ मध्ये ‘री-मिशन’ विनामूल्य उपलब्ध केला. त्यातील रॉक्सी ही सूक्ष्म यंत्रकन्या रुग्णाच्या शरीरात शिरून कर्कपेशींवर मारा करते. रुग्णाने औषध चुकविले, की तिच्या अस्त्राचे वार वाया जाऊ लागतात. उपदेशाचा एकही शब्द न उच्चारता मुद्दा पोहोचतो.

अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियातील ३४ केंद्रांमधील १३ ते २९ वयोगटातील ३७५ रुग्णांवर या खेळाची चाचणी झाली. एका गटाला बाजारातील नेहमीचा गेम मिळाला, तर दुसऱ्याला त्यासोबत ‘री-मिशन’. ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संसर्ग टाळण्यासाठीच्या प्रतिजैविकाची डबी केव्हा उघडली, याची नोंद झाकणातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठेवत होती. केमोथेरपीच्या औषधाचे प्रमाण रक्तात तपासले गेले. दोन्ही कसोट्यांवर ‘री-मिशन’ खेळणारे सरस ठरले. गंमत अशी, की रुग्णांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीत मात्र औषधे घेण्याबाबत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. केवळ त्यांच्या शब्दावर विसंबले असते, तर खेळ निरुपयोगी ठरला असता!

मानसिक ताण मात्र या खेळाने कमी झाला नाही, जीवनमानही सुधारले नाही. चाचणी तीन महिन्यांचीच होती. पुढे किती जणांचा रोग उलटला, हे तीत मोजलेले नव्हते.