आधी बाग, मग घरं

अकलूज नगरपरिषद झाल्यापासून लेआउट, एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक), ओपन स्पेस यांची चर्चा चौकाचौकात चालते. उद्या एखाद्या जुन्या गिरणीच्या, शेडच्या किंवा गोदामाच्या जागेवर घरं उभी राहिली, तर मधोमध बाग हवी असं सगळ्यांनाच वाटेल. पण ती मिळते कशी, याबद्दलचे आपले बरेचसे समज चुकीचे आहेत.

मुंबईत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग बागांना मिळाला, असं आजही ठामपणे सांगितलं जातं. नियम खरोखरच तसा होता. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58व्या नियमाने जमिनीचे तीन वाटे ठरवले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. शेजारशेजारच्या गिरण्या एकत्र धरून आराखडा करावा, असं वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने 1996मध्ये सुचवलं. पण 2001च्या दुरुस्तीने वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. शेड पाडून निघणारी जमीन तिच्यातून वगळली गेली. गिरणी म्हणजे जवळपास सगळी शेडच, मग वाट्याला काय येणार? 2005मध्ये उच्च न्यायालयाने या दुरुस्तीचा अर्थ लोकांच्या बाजूने लावला, पण मार्च 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. गिरण्यांच्या सुमारे 600 एकर जमिनीवर सलग मोठी बाग झाली नाही, ती यामुळे.

बागेला जागा दिली की घरं कमी होतात, हा बांधकाम व्यवसायातला लाडका युक्तिवाद. अकलूजसारख्या नगरपरिषदांना 2020ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यानुसार 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये 10 टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, आणि एफएसआय मोजताना ती वजा होत नाही. म्हणजे बांधकामाचा हक्क तेवढाच राहतो, फक्त इमारतींची मांडणी बदलते.

खरी मेख मांडणीतच आहे. घरं झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यात, ट्रान्सफॉर्मरशेजारी चार बाकं टाकली की त्याला बाग म्हणायचं, हे मला मान्य नाही. दादरचं शिवाजी पार्क बघा. 1925मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं हे सुमारे 28 एकरांचं मैदान. त्याच्या भोवती रस्ता, आणि रस्त्यापलीकडे मैदानाकडे तोंड केलेल्या, मूळच्या बुटक्या इमारती. मैदानाला उंच भिंत नाही, बसण्याजोगा कट्टा आहे. सकाळी त्यावर पेन्शनर, संध्याकाळी कॉलेजची पोरं, आणि वरच्या गॅलरीतून कुणाची तरी आजी खाली खेळणाऱ्या नातवावर लक्ष ठेवून. वॉचमन नेमून अशी राखण होत नाही. आपल्याकडे मात्र इमारतीची मागची बाजू बागेकडे करतात, मध्ये कंपाउंड घालतात, आणि वर्षभरात तिथे कचरा पडू लागतो.

कारखान्याच्या जमिनीत थेट रोपं लावता येतात, हा समज तर धोक्याचा. तिथे वर्षानुवर्षं तेल, रंग, राख आणि रसायनं मुरलेली असू शकतात, पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. म्हणून माती-पाण्याची तपासणी आधी. जर्मनीत ड्युइसबर्गचा पोलाद कारखाना 1985मध्ये बंद पडला. पुढे लँडस्केप वास्तुविशारद पीटर लाट्झ यांनी भट्ट्या तशाच ठेवून त्यांच्याभोवती उद्यान रचलं. जास्त दूषित माती जुन्या बंकरमध्ये बंद केली. आणि आपल्याच धारावीजवळ, जिथे मुंबईचा कचरा पडायचा, तिथे आज महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचं जंगल उभं आहे.

हिरवळ म्हणजे बाग, हेही आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात सोडून द्यावं. लॉन पाणी पितं आणि सावली देत नाही. कडुनिंब, चिंच, वड लावा.

शेवटचा समज: आराखड्यात बागेचं आरक्षण पडलं की काम झालं. नगररचना कायद्याच्या कलम 127नुसार आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत ती जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत हालचाल झाली नाही, तर आरक्षण रद्द होतं. त्यामुळे प्रारूप आराखड्यावर हरकती-सूचना देताना बागेची जागा सलग मागावीच, आणि पुढे दर अंदाजपत्रकात तिच्या संपादनासाठी किती रक्कम ठेवली, हे नगरसेवकांना विचारत राहावं.