मनी मार्केट : बँकेच्या रकान्यात की गुंतवणुकीच्या?

मागच्या वेळी आपण क्विकन, ग्नूकॅशसारख्या सॉफ्टवेअरमध्ये घरची खाती उघडली. एक फसवं नाव तेव्हा राहून गेलं. इथे अमेरिकेत ‘मनी मार्केट’ म्हणून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक बँकेत, दुसरी बहुतेकदा ब्रोकरकडे.

बँकेतलं मनी मार्केट अकाउंट हे बचत खात्याचंच भावंड. १९८२च्या कायद्याने ते सुरू झालं. त्याला एफडीआयसीचं विमासंरक्षण असतं : एका बँकेत, एका ठेवीदाराला, मालकीच्या एका प्रकारात २,५०,००० डॉलरपर्यंत. सॉफ्टवेअरमध्ये त्याला सरळ ‘बँक’ प्रकारात टाकावं.

मनी मार्केट फंड मात्र म्युच्युअल फंड. त्याच्या एका शेअरची किंमत एक डॉलरवर राखायची धडपड असते, पण हमी नसते. सप्टेंबर २००८मध्ये लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली आणि रिझर्व्ह प्रायमरी फंडाचा शेअर ९७ सेंटवर आला. तीनच सेंट गेले म्हणा, पण पैसे काढणंही अडलं ना! त्यात कुणाचा पुढच्या महिन्याचा घरहप्ता असेल, तर त्याने काय करायचं?

मग फंडाची नोंद कशी करायची? शेअर म्हणून केली, तर दरमहा लाभांशाचे शेअर एकेक डॉलर भावाने चढवत बसा. आम्हाला हा उपद्व्याप वाटतो. रोख शिल्लक म्हणून धरलं तरी चालतं, फक्त ते खातं ब्रोकरच्या गटात ठेवा. बँकेच्या गटात गेलं, की अडीअडचणीच्या पैशांची बेरीज सगळी विमा असलेली दिसते, आणि ती तशी नसते.

खरी गल्लत होते उत्पन्नात. बँक देते ते व्याज, ते १०९९-आयएनटी फॉर्मवर येतं. फंड देतो तो लाभांश, तो १०९९-डीआयव्हीवर. दिसायला दोन्ही सारखेच, महिन्याच्या महिन्याला जमा होणारे. म्हणून आपण दोन्ही ‘व्याजा’त टाकतो आणि कर भरताना बेरजा जुळत नाहीत. शिवाय फंडाकडे सरकारी ट्रेझरी रोखे असतील, तर लाभांशाचा तेवढा भाग बहुतेक राज्यांच्या आयकरातून सुटतो. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटमध्ये त्यासाठी फंडाला जादा अट पाळावी लागते. त्यामुळे प्रत्येक फंडाच्या लाभांशाला वेगळी वर्गवारी द्या. जानेवारीनंतर फंड कंपनी टक्केवारीचा तक्ता काढते, तो त्याच वर्गवारीला लावता येतो.