फुप्फुसाच्या अंतर्रचनेचा वेध

छातीच्या साध्या क्ष-किरणचित्रात फासळ्या, हृदय, रक्तवाहिन्या आणि फुप्फुसे या साऱ्यांच्या छाया एकाच पृष्ठावर एकमेकींवर पडत असल्यामुळे, ज्या विकाराचा प्रारंभ एखाद्या सूक्ष्म रेषेने होतो, तो तज्ज्ञाच्या दृष्टीलाही पुष्कळदा चकवून जातो. अभियंते गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्या, क्ष-किरणांवरच चालणाऱ्या सीटी यंत्राने १९७१ साली लंडन येथे प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे छेद दाखविले, आणि पुढे याच विद्येने छातीचे सुमारे एक मिलिमीटर जाडीचे छेद घेण्याची तजवीज केली. हेच ते ‘एचआरसीटी’, म्हणजे अतिसूक्ष्म तपशील दाखविणारे ‘हाय रिझोल्यूशन सीटी’.

या चित्रांत मला सर्वाधिक विस्मयकारक वाटतो तो फुप्फुसाचा द्वितीयक खंडक: एक ते अडीच सेंटिमीटरांचा, बहुकोनी, मध्यभागी सूक्ष्म श्वासनलिका व तिच्यासोबतची धमनी, आणि परिघावरील पडद्यांत शिरा व लसीकावाहिन्या. रोगाने या खंडकात कोठे ठाण मांडले आहे, यावरूनच त्याचा बराचसा खुलासा होतो. धूम्रपानजन्य वातस्फीतीची विवरे प्रायः मध्याशी, तर हृदय दुर्बल झाल्याने साचलेले पाणी पडद्यांत. ‘इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस’ या व्याधीत फुप्फुसांच्या तळाशी, आवरणालगत, मधाच्या पोळ्यासारखी कोष्ठे दिसतात. हे रूप निःसंदिग्ध असून अन्य कारण आढळले नाही, तर शस्त्रक्रियेने ऊतकाचा तुकडा काढण्याची जरूरी बहुधा राहत नाही, आणि आधीच धाप लागलेल्या रुग्णास हा लाभ केवढा मोठा!

उताणे निजलेल्या निरोगी माणसाच्याही पाठीकडील भागात गुरुत्वाकर्षणामुळे धूसरपणा येऊ शकतो, म्हणून शंका असल्यास त्यास पालथे निजवून पुन्हा छेद घेतात. धूसरपणा मावळला, तर तो रोग नव्हे.